नीट हुकली, म्हणून एमपीएचही हुकलं?

मे महिन्यात लातूरहून एका वडिलांचा फोन आला. "मॅडम, पोरीची नीट दोनदा हुकली. मग समाजशास्त्रात बीए केलं तिनं. आता म्हणतेय एमपीएच करते. पण ते तर डॉक्टरांचं असतंय ना? उगं फॉर्मचे पैसे कशाला घालवायचे?"

मी एमपीएचच्या विद्यार्थ्यांना बायोस्टॅटिस्टिक्स शिकवते. माझी स्वतःची पदवी संख्याशास्त्रातली. स्टेथोस्कोप गळ्यात घातला तर कुठलं टोक कानात जातं, हे मलाच विचारून घ्यावं लागेल. तरीही प्रवेशाचा हंगाम आला की हा प्रश्न दिवसाआड ऐकते: पालकांकडून, कॉलेजातल्या प्राध्यापकांकडून, आणि ज्यांना हे माहीत असायलाच हवं अशा करिअर समुपदेशकांकडूनसुद्धा. एकाने तर एमपीएच म्हणजे एमपीएससीचाच एखादा पेपर का, असंही विचारलं होतं. तो गैरसमज परवडला, एका वाक्यात मिटतो. डॉक्टरांचा मिटता मिटत नाही.

तर सरळ सांगते. एमपीएच, म्हणजे मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ, ही सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी आहे. भारतात ती साधारण दोन वर्षांची. बहुतेक ठिकाणी ती करायला एमबीबीएस लागत नाही आणि नीटचा तिच्याशी काही संबंध नाही.

घोळ होतो तो दोन पदव्यांचा. वैद्यकीय महाविद्यालयात एमडी कम्युनिटी मेडिसिन असतं, जुन्या लोकांच्या तोंडी 'पीएसएम'. त्याला एमबीबीएस लागतं, नीट-पीजी लागते, तीन वर्षं लागतात. एमपीएच हे त्याचं धाकटं भावंड नाही, वेगळं घर आहे. दोन्हीकडे काही विषय सारखे असल्यामुळे लोक एकाच्या अटी दुसऱ्याला चिकटवतात.

आपल्याकडे या समजाला आणखी एक कारण आहे आणि ते मोठं आदराचं आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य म्हटलं की जामखेडचे आरोळे आठवतात, गडचिरोलीचे बंग आठवतात. चौघेही डॉक्टर, आणि दोन्ही दांपत्यांनी पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलेलं. साहजिकच वाटतं, हा डॉक्टरांचाच प्रांत. पण त्यांनी परत येऊन काय केलं ते बघा. आरोळ्यांनी 1970 पासून जामखेडच्या गावागावांतल्या, पुष्कळदा निरक्षर असलेल्या बायकांना आरोग्यसेविका केलं. बंगांनी गावातल्याच बायकांना घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायला शिकवलं. त्याचे निकाल 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये आले: तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे 62 टक्क्यांनी खाली. म्हणजे ज्यांच्याकडे बोट दाखवून "हे डॉक्टरांचं काम" असं म्हटलं जातं, त्यांनीच ते काम डॉक्टर नसलेल्यांच्या हाती सोपवून दाखवलं.

डॉक्टर नसलेल्यांची इथली परंपरा जुनी आहे. सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारा 1950 चा डॉल आणि हिल यांचा अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यातले ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांना डॉक्टर व्हायचं होतं, पण पहिल्या महायुद्धाच्या काळात क्षय झाला आणि ते राहून गेलं. त्यांनी पदवी घेतली अर्थशास्त्राची, तीही घरबसल्या पत्रद्वारा. क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची 1948 साली प्रसिद्ध झालेली चाचणी, जिच्यापासून आजच्या औषध-चाचण्यांची पद्धत रुळली, तिची आखणीही याच अर्थशास्त्राच्या पदवीधराची.

लांब कशाला जायचं? पां. वा. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. शिक्षण फर्ग्युसनमध्ये आणि मग लंडनला, विषय गणित आणि संख्याशास्त्र. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा संख्याशास्त्र विभाग त्यांनी सांभाळला आणि निवृत्तीनंतर पुण्यात बसून भारतातले भुकेले मोजायचे कसे, यावर भल्याभल्यांशी वाद घातला. एकाच माणसाची उष्मांकांची गरज दिवसागणिक कमीजास्त होते, तेव्हा सरासरीच्या खाली जेवणारा प्रत्येक जण कुपोषित धरू नका, हे त्यांचं म्हणणं. ते सगळ्यांना पटलं नाही, आजही पटत नाही. पण तुम्ही डॉक्टर नाही, तुम्ही बोलू नका, असं त्यांना कोणी म्हटलं नाही.

एवढं सांगूनही काही जण "ते मोठ्या लोकांचं झालं" म्हणतात. त्यांच्यासाठी सरकारी कागद. राष्ट्रीय आरोग्य धोरण, 2017 मध्ये राज्यांनी सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापनाचा वेगळा संवर्ग उभारावा असं म्हटलं आहे. त्यात बहुसंख्य वैद्यकीय मंडळी असतील. पण समाजशास्त्र, अर्थशास्त्र, मानववंशशास्त्र, परिचर्या, रुग्णालय व्यवस्थापन, संज्ञापन अशा शाखांतून येऊन सार्वजनिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेल्यांचाही विचार व्हावा, असं स्पष्ट लिहिलं आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एमपीएचसाठी नमुना अभ्यासक्रम काढला, त्यातही वैद्यकीय शाखांबरोबर समाजशास्त्र, मानसशास्त्र, समाजकार्य, पोषण, संख्याशास्त्र यांचे पदवीधर पात्र धरले आहेत. लातूरची बीए त्यात अलगद बसते.

आता दुसरी बाजू. ती लपवली तर मीच गैरसमज पसरवल्यासारखं होईल. काही संस्थांतले काही अभ्यासक्रम फक्त वैद्यकीय पदवीधरांसाठी असतात. काही ठिकाणी विज्ञान वा सामाजिक शास्त्रांच्या उमेदवाराकडून पदव्युत्तर पदवी किंवा कामाचा अनुभव मागतात. आणि खरी अडचण प्रवेशाला नाही, नोकरीला आहे. तालुका आरोग्य अधिकारी, जिल्हा आरोग्य अधिकारी ही पदं डॉक्टरांची. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी जागांच्या जाहिरातींत पुष्कळदा 'वैद्यकीय पदवी आणि एमपीएच' अशी जोडअट असते. संशोधन संस्था, स्वयंसेवी संस्था, आंतरराष्ट्रीय संघटनांचे प्रकल्प, माहितीचं विश्लेषण, मूल्यमापन ही दारं सगळ्यांना उघडी. धोरणात लिहिलंय एक आणि जाहिरातीत छापतात दुसरंच, याचा मला राग येतो. पण फॉर्म भरणाऱ्याला हे आधी कळलं पाहिजे.

"मग डॉक्टर नसलेल्याला ते झेपतं का?" लातूरच्या वडिलांचा पुढचा प्रश्न. झेपायला काय लागतं ते दाखवते.

पहिल्या आठवड्यात मी फळ्यावर एक गणित मांडते. गावोगावचे मिळून 10,000 लोक. त्यांतल्या 100 जणांना एक आजार आहे. आपल्याकडे चाचणी आहे. ती आजारी माणसांपैकी 90 टक्के पकडते आणि निरोगी माणसांपैकी 95 टक्क्यांना बरोबर 'निरोगी' म्हणते. एकाची चाचणी पॉझिटिव्ह आली. त्याला खरंच आजार असण्याची शक्यता किती? वर्गातून आवाज येतो, नव्वद टक्के. डॉक्टर विद्यार्थ्यांचा जरा जास्त जोरात. मग मोजायला लावते. 100 आजाऱ्यांपैकी 90 सापडले. उरलेल्या 9,900 निरोगींपैकी 5 टक्के, म्हणजे 495, उगाचच पॉझिटिव्ह ठरले. एकूण पॉझिटिव्ह 585, त्यांत खरे आजारी 90. उत्तर सुमारे 15 टक्के. वर्ग गप्प. यात वापरलं काय? आठवीतली टक्केवारी. दवाखान्यात चालणारी चाचणी गावभर लावली की काय होतं, हे समजायला शरीररचनाशास्त्र लागत नाही.

दुसरा प्रसंग अंगणवाडीतला. प्रात्यक्षिकाला मुलांच्या दंडाचा घेर मोजत होतो. सहा महिने ते पाच वर्षांचं मूल, डाव्या दंडाचा मध्य, तिथे रंगीत फीत, 11.5 सेंटिमीटरच्या खाली गेली की लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. आमच्यातली एक होमिओपॅथीची डॉक्टर फार हलक्या हाताने मोजत होती, एकही मूल रडलं नाही. बाजूला इतिहासात बीए झालेला एक मुलगा नोंदवही चाळत बसला होता. मला वाटलं, कंटाळला. थोड्या वेळाने सेविकाताईंना विचारतो, "वाटेत वीटभट्टी लागली, तिथं पाच-सहा पोरं खेळत होती. त्यांची नावं यात कुठं आहेत?" नव्हती. भट्टीवरची कुटुंबं दिवाळीनंतर येतात आणि पावसाच्या तोंडावर जातात. गावच्या यादीत ती कधी चढलीच नव्हती. आम्ही अंश नीट मोजत होतो, छेदच चुकीचा होता. सार्वजनिक आरोग्यातल्या निम्म्या चुका छेदाच्या असतात. तो मुलगा जुनी दप्तरं वाचायला शिकलेला होता, त्याला यादीतून गाळलेली माणसं दिसली. डॉक्टर मुलीचा हात आणि याची नजर दोन्ही लागतात, म्हणून तर वर्ग मिश्र ठेवायचा.

बाकीचे गैरसमज आता भराभर.

एमपीएच झालं की प्रॅक्टिस करता येते: नाही. ही वैद्यकीय व्यवसायाची पदवी नाही, नावाआधी 'डॉ.' लागत नाही.

एमपीएच आणि रुग्णालय व्यवस्थापन एकच: नाही. दुसऱ्यात इस्पितळ चालवायला शिकवतात. पहिल्यात, लोकांवर तिथे जायची वेळ कमी कशी यावी ते.

हा नवा, बाजारू कोर्स आहे: जॉन्स हॉपकिन्सची सार्वजनिक आरोग्याची शाळा 1916 ची, कोलकात्याची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन अँड पब्लिक हेल्थ 1932 ची. तिरुअनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत एमपीएच 1997 पासून चालू आहे. बाजारू दुकानं निघाली आहेत, हे मात्र खरं. डॉक्टरांना जशी एनएमसी तशी एमपीएचला स्वतंत्र परिषद नाही; म्हणून निदान विद्यापीठ यूजीसी-मान्य आहे ना आणि प्राध्यापक नावानिशी दाखवतात ना, एवढं पैसे भरण्याआधी बघा.

सगळीकडे एकच प्रवेश परीक्षा: तसं नाही. मुंबईच्या टिसमध्ये अलीकडे सीयूईटी-पीजीमार्फत जावं लागतं, इतर ठिकाणी स्वतःची परीक्षा किंवा नुसती मुलाखत. ज्या वर्षी जायचं त्याच वर्षीचं माहितीपत्रक वाचायचं, मावसबहिणीच्या वेळचं नाही.

प्रबंध म्हणजे शेवटच्या महिन्यातली प्रश्नावली: माणसांवरच्या कुठल्याही अभ्यासाला नैतिकता समितीची परवानगी लागते आणि ती यायला कधी कधी प्रश्नावली भरून घेण्यापेक्षा जास्त दिवस जातात.

परदेशात जीआरईशिवाय घेत नाहीत: अमेरिकेतल्या बऱ्याच संस्थांनी ती ऐच्छिक केली किंवा काढून टाकली. तिथे बहुतेक अर्ज सोफास या सामाईक पोर्टलवरून जातात आणि संस्थेला सीईपीएच या मंडळाची मान्यता आहे का ते पाहायचं असतं. या मंडळाच्या नियमाप्रमाणे एमपीएचला किमान 42 क्रेडिट लागतात. खरी अडचण आपली तीन वर्षांची पदवी. काही विद्यापीठं ती चालवून घेतात, काही सोळा वर्षांचं शिक्षण मागतात. जीआरईच्या क्लासला पैसे भरण्याआधी एक ईमेल पाठवून हे विचारा. ब्रिटनमध्ये एमपीएच बहुधा एका वर्षात होतं, म्हणून ते कच्चं ठरत नाही. तिथे उन्हाळ्याची सुट्टी प्रबंधात जाते.

राहता राहिलं उद्देशपत्र. त्यात सेवाभाव ओतावा लागतो, हा समज कोणी पसरवला कोण जाणे. "लहानपणापासून मला समाजसेवेची आवड आहे" हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की पुढचा परिच्छेद न वाचता सांगू शकते. लातूरच्या मुलीनेही पहिल्या खर्ड्यात तेच लिहिलं होतं. मी तो परत पाठवला आणि म्हटलं, आवड राहू दे, गावात काय पाहिलंस ते लिही. चार दिवसांनी दुसरा खर्डा आला. त्यात पहिलंच वाक्य होतं: आमच्या गावात लसीकरण मंगळवारी असतं आणि आठवडी बाजारही मंगळवारीच भरतो.

वडिलांना फोन करून सांगितलं, फॉर्मचे पैसे भरा.