घनकोनाचे माप

कोन म्हणजे काय, हे शाळेची पायरी चढलेला प्रत्येक जण सांगू शकतो. एका बिंदूपासून निघालेल्या दोन किरणांमधील फाक म्हणजे कोन. तो अंशांत मोजावयाचा आणि कंपासपेटीतील कोनमापक हे त्याचे साधन. परंतु खोलीच्या कोपऱ्याकडे मान वर करून पाहिले, तर तेथे दोन भिंती आणि छत अशी तीन प्रतले एकाच बिंदूत येऊन मिळालेली दिसतात. अशा कोपऱ्याने आपल्या शिरोबिंदूभोवतीच्या अवकाशाचा जो हिस्सा व्यापलेला असतो, त्यास घनकोन असे म्हणतात. तो मोजावा कसा? प्रश्न वरवर साधा आहे. तथापि या प्रश्नाचे चुकीचे उत्तर जगातील काही श्रेष्ठ बुद्धिमंतांनी दिले आणि ते शतकानुशतके प्रमाण मानले गेले. त्या चुकीचे मूळ नेमके कोठे होते, हे पाहिले की योग्य मापाचे मर्म आपोआप उलगडते.

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने आकाशविषयक आपल्या ग्रंथात असे विधान केले, की सपाट पृष्ठभागावर समभुज त्रिकोण, चौरस आणि सुसम षट्कोन या तीन आकृती जागा पूर्ण भरतात, तर अवकाशात घन आणि त्रिकोणी सूची या दोन आकृती ती भरतात. त्रिकोणी सूची म्हणजे चार समभुज त्रिकोणांनी बंदिस्त झालेला सुसम चतुष्फलक. विधानाचा पहिला भाग निर्विवाद आहे. फरशी बसविणारा गवंडीही तो जाणतो. घनाविषयीही शंका नाही, कारण आठ घन एका बिंदूभोवती चपखल बसतात. प्रश्न आहे तो चतुष्फलकाचा.

बाराव्या शतकात इब्न रुश्द या थोर अरबी भाष्यकाराने या विधानाच्या समर्थनार्थ एक हिशेब मांडला. घनाच्या एका कोपऱ्याशी तीन काटकोन मिळतात. आठ घनांचे मिळून चोवीस काटकोन झाले. चतुष्फलकाच्या कोपऱ्याशी ६० अंशांचे तीन कोन मिळतात, म्हणजे दोन काटकोन. तेव्हा बारा चतुष्फलक एकत्र ठेवले की तेच चोवीस काटकोन भरतील आणि जागा पूर्ण व्यापली जाईल. हिशेब सुबक आहे आणि बेरीज-गुणाकारात कोठेही चूक नाही. चूक आहे ती मापात. कोपऱ्याशी मिळणाऱ्या सपाट कोनांची बेरीज म्हणजे त्या कोपऱ्याचे माप, असे येथे गृहीत धरले गेले. कापडाची लांबी मोजून त्याचे वजन सांगावे, तसाच हा प्रकार झाला.

मग योग्य माप कोणते? सपाट कोनासाठी आपण शिरोबिंदूभोवती वर्तुळ काढतो आणि कोनाच्या बाजूंनी त्या वर्तुळाचा केवढा कंस तोडला ते पाहतो. त्याच न्यायाने घनकोनाच्या शिरोबिंदूभोवती एक गोल कल्पावा आणि कोपऱ्याने गोलाच्या पृष्ठभागाचा केवढा तुकडा तोडला ते पाहावे. त्या तुकड्याचे क्षेत्रफळ हेच घनकोनाचे माप. गोल लहान घेतला काय किंवा मोठा, तोडलेल्या भागाचे एकूण पृष्ठफळाशी असलेले प्रमाण बदलत नाही. गोलाचे पृष्ठफळ त्याच्या मध्यातून जाणाऱ्या वर्तुळाच्या क्षेत्रफळाच्या चौपट असते, हे आर्किमिडीजला ठाऊक होते. सह्याद्रीच्या परिसरात राहणाऱ्या आपल्या भास्कराचार्यांनीही ११५० सालच्या 'लीलावती'त हाच नियम दिला आणि गोलाच्या पृष्ठाला चेंडूभोवतीच्या जाळीची उपमा दिली. ते इब्न रुश्दचे समकालीन होते. घनकोनाचा प्रश्न त्यांनी हाताळला नव्हता. पण त्यासाठी लागणारे मूलभूत ज्ञान त्या शतकात उपलब्ध होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आता कोपऱ्याने गोलावर तोडलेला भाग पाहू. तीन प्रतलांच्या कोपऱ्याने गोलावर एक त्रिकोण उमटतो. त्याच्या बाजू वक्र असतात. या गोलीय त्रिकोणाचे कोन म्हणजे कोपऱ्याच्या लगतच्या दोन पृष्ठांमधील कोन, उघड्या पुस्तकाच्या दोन पानांत असतात तसे. त्याचे क्षेत्रफळ काढण्याची युक्ती इंग्लंडमधील टॉमस हॅरियटला १६०३ साली सापडली आणि आल्बेर जिरारने १६२९ साली ती प्रसिद्ध केली.

सोयीसाठी गोलाचे संपूर्ण पृष्ठफळ ७२० एकके मानू. त्रिकोणाच्या तिन्ही बाजू वाढविल्या की गोलाला दुभागणारी तीन मोठी वर्तुळे मिळतात. कोणतीही दोन वर्तुळे संत्र्याच्या फोडीवरील सालीसारखी पट्टी तोडतात. फोडीचा कोन जितके अंश, त्याच्या दुप्पट एकके पट्टीचे क्षेत्रफळ. आणि तशीच दुसरी पट्टी गोलाच्या विरुद्ध अंगाला असल्याने दोहोंचे मिळून कोनाच्या चौपट. तीन कोनांच्या अशा तीन जोड्या घेतल्या, तर सारा गोल झाकला जातो. मात्र आपला त्रिकोण आणि विरुद्ध अंगाचे त्याचे प्रतिरूप हे दोन्ही एकदा मोजले जाण्याऐवजी तीन-तीनदा मोजले जातात. म्हणजे त्रिकोणाचे क्षेत्रफळ चार वेळा जास्त धरले गेले. यावरून तिन्ही कोनांच्या बेरजेची चौपट ही ७२० अधिक क्षेत्रफळाची चौपट एवढी होते. आणि चाराने भागले असता त्रिकोणाचे क्षेत्रफळ म्हणजे तीन कोनांची बेरीज वजा १८०, हा सुंदर नियम हाती येतो.

या नियमाची कसोटी घनावर पाहू. घनाच्या पृष्ठांमधील तिन्ही कोन ९० अंशांचे. त्यांची बेरीज २७०; त्यातून १८० वजा जाता ९० उरतात. ७२० भागिले ९० म्हणजे नेमके आठ. आता चतुष्फलक घेऊ. त्याच्या दोन पृष्ठांमधील कोन सुमारे ७०.५३ अंशांचा असतो. तिप्पट केली २११.५९, त्यातून १८० वजा जाता ३१.५९. बारा चतुष्फलकांचे माप जेमतेम ३७९ एकके भरते, म्हणजे जवळजवळ निम्मी जागा मोकळीच राहते! आणि ७२० ला ३१.५९ ने भागले तर २२.८ येतात, पूर्णांक येतच नाही. म्हणून एका बिंदूभोवती सर्वांचे कोपरे जुळवून सुसम चतुष्फलक कितीही रचले, तरी जागा पूर्ण भरणे अशक्य आहे.

पंधराव्या शतकात रेगिओमोंटानुस या जर्मन गणितज्ञाने इब्न रुश्दच्या मताविरुद्ध लेखन केले होते. ते आज उपलब्ध नाही. पण प्रश्न जुना झाला असला तरी संपलेला नाही. सुसम चतुष्फलक जास्तीत जास्त किती घट्ट रचता येतात? २०१० साली चेन, एंगेल आणि ग्लॉट्झर यांनी सुमारे ८५.६३ टक्के जागा व्यापणारी रचना दाखविली. याहून घट्ट रचना होऊच शकत नाही, अशी सिद्धता मात्र अद्याप कोणी दिलेली नाही.

शास्त्रात घनकोन स्टेरेडियन या एककात मोजतात. एक मीटर त्रिज्येच्या गोलावर एक चौरस मीटर भाग तोडणारा घनकोन म्हणजे एक स्टेरेडियन. पूर्ण गोलाचे असे सुमारे १२.५७ होतात. दिव्याच्या खोक्यावर छापलेला ल्यूमेनचा आकडा याच मापावर उभा आहे. सर्व दिशांना एक कँडेला तीव्रतेने प्रकाशणारा दिवा एकूण १२.५७ ल्यूमेन प्रकाश देतो. सूर्यबिंबाचा घनकोन केवळ ०.००००६८ स्टेरेडियन आहे. डोक्यावरच्या अर्धगोल आकाशात अशी सुमारे ९२ हजार बिंबे मावतील. सूर्य चंद्राच्या सुमारे ४०० पट मोठा, पण अंतरानेही जवळपास तितक्याच पटीने दूर. म्हणून दोघांचे घनकोन जवळजवळ सारखे ठरतात आणि खग्रास ग्रहणाचा योग येतो.

आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्या घरी शाळकरी मुले असतील, त्यांनी एक प्रयोग अवश्य करावा. पुठ्ठ्याचे पाच सारखे चतुष्फलक तयार करावेत आणि एका सामाईक कडेभोवती ते एकमेकांना चिकटवावेत. पाच वेळा ७०.५३ म्हणजे ३५२.६ अंश; सुमारे सव्वासात अंशांची एक अरुंद फट शेवटी उरते. ती डोळ्यांना स्पष्ट दिसते. तिच्यासाठी मोठे गणित लागत नाही. लागतो तो पुठ्ठा, कात्री आणि मोठ्या नावापुढेही स्वतः पडताळून पाहण्याची सवय. ही सवय मुलांना लागावी, हेच तर शाळेचे प्रयोजन होय.