न वितळता पालटलेला खडक

आपल्या हैदराबादचे धोंडे मुख्यतः ग्रॅनाइटचे आहेत. सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातील शिलारस थिजून ते घडले. त्यांतच कोठे कोठे करड्या-पांढऱ्या पट्ट्यांचे, त्यांहून जुन्या खडकाचे तुकडे अडकलेले आढळतात. हा पट्टिताश्म, म्हणजेच नीस. रूपांतरित खडकांपैकी एक.

रूपांतर म्हणजे वितळणे नव्हे, हा भेद मी प्रथम सांगतो. खोल गाडलेला खडक उष्णतेने व दाबाने घनावस्थेतच पालटतो. जुनी खनिजे मोडून नवी जुळतात आणि दाबाच्या काटकोनात ओळीने बसतात. कोठागुडेमजवळील गरिबपेटच्या टेकडीतील अभ्रकयुक्त खडक मुळात चिखल होता. आज त्यात लाल तामडी आणि कायनाइट सापडतात. तेथल्या तामडीचे मणी प्राचीन कारागीर घडवीत. कायनाइट उच्च दाबाखाली घडते; म्हणून तो चिखल किती खोल गेला होता, याची ते साक्ष देते.

शहरातील धोंडे वाचवण्यासाठी १९९६ साली येथील नागरिकांनी संस्था स्थापन केली. सुरुंगाने फुटलेला धोंडा पुन्हा घडत नाही, आणि त्यातील साक्षही त्याच्याबरोबर नाहीशी होते. म्हणून तो फुटण्यापूर्वी आपण निदान एकदा भिंग घेऊन त्याच्यापाशी जावे, एवढीच माझी विनंती आहे.