दोन दारांची नळी

आपल्या पेण-रोह्याच्या खारेपाटांतील शेतांच्या बांधांना उघाड्या असतात, त्या पुष्कळ विद्यार्थ्यांनीं पाहिल्या असतील. भरतीचें पाणी चढूं लागलें कीं त्याच्याच रेट्यानें उघाडीची झडप घट्ट बसते; ओहोटी लागली कीं आंतलें पाणी तिला लोटून बाहेर पडतें. झडप नीट न लागली तर एका रात्रींत खारें पाणी शेतांत शिरून सारें पीक नासून जातें. असेंच एक दार समुद्राच्या पोटांत असेल, तर तें किती जपून हाताळावें लागेल, ह्याचा विचार आज करूं.

दुसऱ्या महायुद्धांत, ता. २ ऑक्टोबर १९४३ रोजीं, मुंबईच्या पश्चिमेस अरबी समुद्रांत 'यू-१६८' ह्या जर्मन पाणबुडीनें 'हायचिंग' नांवाची ब्रिटिश आगबोट टॉर्पेडो मारून बुडविली. युरोपांतलें युद्ध अशा रीतीनें आपल्या तेव्हांच्या कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यापाशीं येऊन ठेपलें होतें. ह्या जातीच्या पाणबुडीला टॉर्पेडो सोडण्याच्या सहा नळ्या असत. चार नाकाशीं व दोन शेपटाशीं.

टॉर्पेडो म्हणजे पाण्यांतून आपल्याच यंत्रानें धांवणारा स्फोटक बाण होय. जर्मनांचा विजेवर चालणारा टॉर्पेडो सुमारें सात मीटर लांब, ५३ सेंटिमीटर जाड व दीड टनाहून अधिक वजनाचा असे. एवढी जड वस्तु पाण्याखालून बाहेर टाकावयाची, पण समुद्राला आंत येऊं द्यावयाचें नाहीं, हें मोठें कोडें होतें. तें दोन दारांनीं सुटलें. नळीचें एक दार बोटीच्या आंत उघडतें, दुसरें समुद्रांत.

प्रथम बाहेरचें दार बंद ठेवून आंतल्या दारानें टॉर्पेडो नळींत सरकवितात व तें दार पक्कें लावतात. मग नळींत पाणी भरतात. हें पाणी बोटींतल्याच टाकींतून घेतात, म्हणजे बोटीचें एकंदर वजन बदलत नाहीं. पाणी कशाला, असें कोणी विचारील. दहा मीटर खोलीवर समुद्र त्या बाहेरच्या दारावर दोन टनांहून अधिक भार घालून तें दाबून धरतो; भरतींत उघाडीची झडप ढकलून उघडतां येईल काय? आंतबाहेरचा दाब सारखा झाला म्हणजेच दार सहज उघडतें.

त्यानंतर दाबलेली हवा सोडतात. जर्मन नळींत हवा व टॉर्पेडो ह्यांच्यामध्यें एक दट्ट्या असे, आपल्या पिचकारींतल्यासारखाच. हवा दट्ट्याला ढकली, दट्ट्या टॉर्पेडोला ढकली व स्वतः तोंडाशीं अडके. नंतर ती हवा परत बोटींतच घेत. त्यामुळें पाण्यावर बुडबुडे उठत नसत व शत्रूला पाणबुडीचा ठाव लागत नसे. टॉर्पेडो जातांच नळींत समुद्राचें पाणी भरे, आणि गेलेल्या वजनाची बरीचशी भरपाई होई. तसें न होतें तर बोटीचें नाक एकदम वर उचललें गेलें असतें. शेवटीं बाहेरचें दार लावावयाचें, नळींतलें पाणी टाकींत काढावयाचें, आणि मगच आंतलें दार उघडावयाचें.

ह्या साऱ्या कृतीचा प्राण एका नियमांत आहे: दोन्ही दारें एकाच वेळीं कधींहि उघडीं असतां कामा नयेत. हा नियम मोडल्याची किंमत जर्मनांनींच नव्हे, त्यांच्या शत्रूंनींहि जाणली होती. ता. १ जून १९३९ रोजीं लिव्हरपूलच्या उपसागरांत 'थीटिस' ह्या नव्या ब्रिटिश पाणबुडीची चांचणी चालली होती. नळींत पाणी आहे कीं नाहीं हें कळावें म्हणून आंतल्या दाराला एक बारीक भोंक असतें. तें भोंक रंगानें बुजलेलें होतें. भोंकांतून पाणी येत नाहीं, तेव्हां नळी कोरडी आहे असें समजून आंतलें दार उघडण्यांत आलें. परंतु बाहेरचें दार उघडेंच होतें! समुद्र आंत घुसला. बोटीवरील १०३ माणसांपैकीं अवघीं चार वांचलीं. ९९ मृत्युमुखीं पडलीं. रंगाच्या एका थेंबाचा हा परिणाम!

ही विद्या आतां आपल्या लोकांच्याहि हातीं आली आहे. जर्मन आराखड्यावरून मुंबईच्या माझगांव गोदींत बांधलेली 'शल्की' १९९२ सालीं भारतीय नौदलांत दाखल झाली. भारतांत बांधलेली ती पहिली पाणबुडी. तिच्या नाकाशीं अशा आठ नळ्या बसविल्या आहेत.

आपल्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी पुढें अशा गोदींत किंवा नौदलांत जाईल. त्याला गणित व पदार्थविज्ञान तर लागेलच. पण त्याहूनहि अधिक लागेल ती एक संवय. भोंक मोकळें आहे काय, दार लागलें आहे काय, हें काल पाहिलें असलें तरी आज पुन्हां पाहण्याची. रात्रीं कंदील घेऊन उघाडी पाहण्यास बांधावर जाणाऱ्या आपल्या वडिलांना ती संवय आहे. ती त्यांच्यापासूनच शिकावी.