मीटरने रंग दाखवले!

साक्रीच्या हायवेला, पंक्चरवाला आणि चहाच्या टपरीच्या मधोमध, एक ऑटो इलेक्ट्रिशियन बसतो. संध्याकाळी गिऱ्हाईक येतं, खिडकीतून डोकं बाहेर काढतं आणि फर्मान सोडतं, "भाऊ, मीटरना रंग बदली दे!"

हिरवं मीटर निळं, निळं मीटर लाल, एसीची बटणं जांभळी. हौसेला मोल नाही म्हणतात. इथे आहे, पण फार नाही. जुन्या गाडीत मीटरमागे काचेचे चिमुकले बल्ब असतात, नाव टी-फाइव्ह आणि टी-टेन. ते पिळून काढायचे, रंगीत एलईडी पिळून बसवायचे. झालं!

झालं? छे! आता खरी गंमत.

एका पठ्ठ्याने हट्टाने लाल एलईडी बसवून घेतले. रात्री लाइट लावले तर मीटरवर अमावस्या! माहीत आहे का, असं का झालं? जुन्या मीटरमध्ये बल्ब साधाच असतो, हिरवी असते ती डायलमागची फिल्म. हिरवी फिल्म फक्त हिरव्याला वाट देते, लालला दारातच अडवते. मग इलेक्ट्रिशियनभाऊंनी काटे उपसले, डायल उचलला, फिल्म खरवडली, काटे परत ठोकले. रंग आला, झक्कास लाल! फक्त काढताना काट्याच्या जागेवर खूण करायची राहिली. गाडी टपरीपुढे उभी आणि स्पीड वीस!

एलईडी लागत नाही? फेकू नका. उलटा करून बसवा. बल्बला उलटं-सुलटं काही कळत नाही, एलईडीला प्लस-मायनसचा भारी मान.

रंगांत सर्वांत भाव खाल्ला तो निळ्याने. लाल एलईडी १९६२ मध्येच आला होता. झगझगीत निळ्यासाठी जगाला १९९० च्या दशकापर्यंत थांबावं लागलं. तो साधणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या त्रिकुटाला २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यातल्या नाकामुरांना कंपनीने आधी बक्षीस किती दिलं होतं? २० हजार येन! पुढे ते कोर्टात गेले आणि २००५ मध्ये तडजोड झाली ती ८४ कोटी येनांवर. तुमच्या मीटरमधला तो निळा ठिपका असा नोबेलवाला आहे बरं!

आणि बल्बच नसलेलं मीटर? तेही होऊन गेलं. १९६० च्या क्रायस्लरमध्ये डायलवर विजेने स्वतःच उजळणारा थर होता. आजोबांच्या काळातली सायन्स फिक्शन!

फॅक्टरीतूनच रंग बदलायची सोय पहिल्यांदा गाजवली ती २००५ च्या फोर्ड मस्टँगने. बटण दाबा, रंग निवडा. किती रंग? तब्बल १२५! हा आकडा लक्षात ठेवा, साक्रीकरांना तो नवा नाही. थांबा, सांगतो.

आधी एक सवाल. नंदुरबारच्या पथारीवर वाळत घातलेली मिरची दिवेलागणीला पाहिली आहे? उजेड उतरला की लालभडक मिरची आधी काळी पडते, बांधावरचं हिरवं मात्र दिसत राहतं. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्येने १९ व्या शतकात हेच फुलांवर हेरलं. डोळ्यातल्या, अंधारात काम करणाऱ्या पेशींना लाल जवळजवळ दिसतच नाही. म्हणून मंद लाल उजेड त्यांना दिपवत नाही, आणि म्हणूनच पाणबुड्यांत रात्री लाल दिवे लावायची पद्धत पडली. डोळे अंधाराला पुरते सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. कोंडाईबारीच्या घाटात इतका वेळ कोण देतो? माझं विचाराल तर मीटर लाल किंवा नारिंगी. निळं लग्नाच्या वरातीला ठेवा.

साबवाल्यांनी तर कमालच केली. ही मूळची विमानं बनवणारी स्वीडिश कंपनी. त्यांच्या गाडीत 'नाइट पॅनल' नावाचं बटण असायचं. दाबलं की स्पीडोमीटर सोडून सगळं गुल्ल! रंग बदलायची भानगडच नाही.

एक रंग मात्र बदलू नका: अप्परच्या खुणेचा निळा. सगळं मीटर निळंशार केलं तर ही खूण त्यात बुडते. अप्पर चालू आहे हे तुम्हाला कळत नाही, समोरून येणाऱ्या उसाच्या ट्रकवाल्याला चांगलंच कळतं. मग तो जे बोलतो ते छापता येत नाही.

टपावरच्या लाल दिव्याचा रुबाब १ मे २०१७ ला, ऐन महाराष्ट्र दिनी, मंत्र्यांच्याही गाड्यांवरून उतरला. मीटरमधला लाल मात्र आम जनतेला खुला!

आता तो १२५. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा सौर प्रकल्प आहे, क्षमता १२५ मेगावॅट! योगायोग? आकड्याचा हो, नात्याचा नाही. माहीत आहे का, सोलर पॅनल आणि एलईडी हे सख्खे भाऊ आहेत. दोघांच्या पोटात सेमीकंडक्टरचा तोच जोड. एक उजेड खाऊन वीज देतो, दुसरा वीज खाऊन उजेड. उलटंही चालतं: एलईडीवर ऊन पाडा, किंचित व्होल्टेज निघतं. अंधारात सोलर पॅनलला वीज पाजा, तो चमकतो! पॅनलमधल्या बारीक चिरा शोधायला तंत्रज्ञ हीच युक्ती वापरतात.

कोणत्या रंगात चमकतो? इन्फ्रारेडमध्ये, जो फक्त खास कॅमेऱ्याला दिसतो. तेव्हा भाऊ, मीटरला हा रंग मागू नका. इलेक्ट्रिशियन पैसे घेईल आणि म्हणेल, "लागेल शे, तुलेच दिसत नही!"