चूल घेताना लाकूड आणि धूर दोन्ही पाहा

निफाडचा पारा घसरला, की गॅस असलेल्या घरांतही अंघोळीच्या पाण्यासाठी लाकडे पेटतात. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतील अनेक घरांत भाकरीही चुलीवरच होते. अशा घरासाठी सुधारित चूल घ्यायची, तर काय पाहावे?

तीन दगडांच्या चुलीत लाकडातील उष्णतेपैकी साधारण १० ते १५ टक्केच भांड्याला मिळते. बाकीची हवेत जाते आणि अर्धवट जळालेले वायू व सूक्ष्म कण धूर बनून श्वासात जातात. या धुरामुळे स्त्रियांमध्ये श्वसनमार्गाचे जुनाट आजार आणि लहान मुलांमध्ये न्यूमोनियाचा धोका वाढतो.

म्हणून लाकूड किती वाचते आणि धूर किती कमी होतो, हे दोन्ही विचारावे. भारतीय मानक ब्युरोच्या २०१३च्या निकषांनुसार साध्या सुधारित चुलीची कार्यक्षमता किमान २५ टक्के, तर पंख्याच्या चुलीची ३५ टक्के हवी. भांड्याला मिळणाऱ्या दर मेगाज्यूल उष्णतेमागे धुरातील कण अनुक्रमे ३५० आणि १५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावेत.

पंख्याची चूल कमी धूर करते. मात्र तिला वीज किंवा बॅटरी लागते आणि लाकडाचे बारीक तुकडे करावे लागतात. धुराड्याची मातीची चूल धूर घराबाहेर नेते, पण धुराडे छपराच्या वर निघायला हवे आणि त्यातली काजळी नियमित काढायला हवी. १९८०च्या दशकात सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातील अनेक सुधारित चुली देखभालीअभावीच बंद पडल्या.

खरेदीपूर्वी आपले पातेले आणि भाकरीचा तवा चुलीवर नीट बसतो का, ते पाहावे. शक्य असल्यास दोन्ही चुलींवर, एकाच पातेल्यात, पाच लिटर पाणी उकळून लाकडाचे वजन ताडून पाहावे. लाकूड वाळलेले असावे. ओल्या लाकडाची बरीच उष्णता त्यातले पाणी वाफवण्यातच जाते आणि धूरही वाढतो. बंब किंवा शेगडी बंद न्हाणीघरात पेटवू नये, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि ती जीवघेणी ठरते.

सुधारित चूलही गॅसइतकी स्वच्छ नसते. सिलिंडर पुरवून वापरायचा असेल, तर रोजचा स्वयंपाक गॅसवर करावा आणि अंघोळीचे पाणी घराबाहेरच्या सुधारित चुलीवर तापवावे.