डिस्क भरली, पण कशाने?

मागच्या दिवाळीत आमच्या घरच्या संगणकाने संपच पुकारला. 'डिस्कवर जागा नाही' अशी सूचना सारखी येऊ लागली. डिस्क २५६ जीबीची, पण पडद्यावर २३८ दिसते. ही चोरी नव्हे. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत, म्हणून हा फरक. त्यातले जेमतेम ३ जीबी शिल्लक होते. माझे फोटो, व्हिडिओ आणि कागदपत्रे मिळून ९० जीबी भरली, विंडोज आणि इतर प्रोग्राम ५०. मग बाकीचे ९५ जीबी गेले कुठे?

घाईघाईत मी जुन्या ध्वनिफिती पुसल्या. त्यात माझ्या आईने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. कॅसेटवरून उतरवून घेतलेल्या, सगळ्या मिळून दीड जीबी. तरी जागा तसूभरही वाढली नाही! कारण पुसलेली फाइल आधी रिसायकल बिनमध्ये जाते आणि तिथेही तेवढीच जागा अडवते. ते बिन रिकामे करणार, एवढ्यात पुतणी म्हणाली, "काका, थांबा. आधी जागा कोण खातंय ते बघू."

तिने 'विनडर-स्टॅट' हा मोफत प्रोग्राम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवला. प्रत्येक फाइल तो रंगीत चौकोनाने दाखवतो. फाइल जितकी मोठी, तितका चौकोन मोठा. पाच मिनिटांत हिशेब लागला. घरातल्या दोन जुन्या मोबाइलचे बॅकअप एका लपवलेल्या फोल्डरमध्ये पडून होते, ते ६८ जीबी. संगणक पूर्वस्थितीला नेण्यासाठी विंडोज जे 'रिस्टोअर पॉइंट' राखते, त्यांचे १७. हायबरनेशनची फाइल ६ आणि मेमरीला जोड म्हणून वापरली जाणारी पेजफाइल ४.

यातले काय काढायचे आणि कसे, हेही समजून घ्यायला हवे. मोबाइलचे बॅकअप ज्या प्रोग्रामने घेतले, त्याच्याच यादीतून काढावेत. पण फोनमधले फोटो दुसरीकडे आहेत ना, हे आधी पाहावे. रिस्टोअर पॉइंटसाठी किती जागा द्यायची, ती मर्यादा 'सिस्टिम प्रोटेक्शन'मध्ये कमी करता येते. हायबरनेशन लागत नसेल तर ते बंद करावे, फाइल आपोआप जाते. विंडोजच्या फोल्डरमधल्या फाइली मात्र हाताने कधीही पुसू नयेत. संगणक सुरूच न होण्याची भीती असते. त्यासाठी 'डिस्क क्लीनअप' आहे.

आम्ही जुने बॅकअप काढले आणि डिस्क मोकळी झाली. बिनमधल्या ओव्या 'रिस्टोअर' करून परत मिळवल्या. शिफ्टचे बटण दाबून डिलीट केले असते, तर त्या बिनमध्येही सापडल्या नसत्या. आता त्यांच्या दोन प्रती आहेत, एक माझ्याकडे आणि एक पुतणीकडे. तेव्हा डिस्क भरली की पुसायला बसू नका, आधी मोजायला बसा.