नवी मोटार घ्यावी की जुनी?



उसाचे बिल बँकेच्या खात्यावर जमा झाले, की लागणीच्या आणि खताच्या प्रश्नांबरोबर आमच्याकडे आणखी एक प्रश्न हमखास येतो. "डिकीवाली मोठी मोटार घ्यायचीय. नवी घेऊ का जुनी?" प्रश्न दिसायला साधा आहे. पण आपले पीक बारा ते अठरा महिन्यांचे. बिल हाती येते ते हंगामात. त्यातच सोसायटीचे कर्ज, खताची उधारी आणि मुलांची फी भागवायची असते. मोटारीत चुकलेला पैसा पुढच्या पिकातूनच भरून काढावा लागतो. म्हणून या अंकात या प्रश्नाचा नीट विचार करू.

होंडा सिटी, व्हर्ना, सियाझ, स्लाव्हिया, व्हर्टस या गाड्यांना मध्यम आकाराच्या सेडान म्हणतात. त्यांतली कोणती देखणी, हा आपला विषय नाही. रात्री-अपरात्री घरच्या माणसाला दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर किल्ली फिरवताच गाडी सुरू व्हावी आणि वाटेत बसू नये, एवढाच आपला मुद्दा. भरवशाची गाडी म्हणजे ही.

नवी गाडी

नव्या गाडीचा पहिला फायदा म्हणजे तिचा पूर्वेतिहास आपल्याला ठाऊक असतो, कारण तो आपणच घडवतो. तेल वेळेवर बदलले की नाही, गाडी कुठे आपटली, हे कुणाला विचारावे लागत नाही. दुसरा फायदा वॉरंटीचा. कारखान्यात राहिलेला दोष बहुधा पहिल्या काही महिन्यांत वर येतो आणि तो कंपनी निस्तरते.

तोटा आहे किमतीच्या घसरणीचा. विमा ठरवताना गाडीची किंमत पहिल्या वर्षअखेर १५ टक्के, तीन वर्षांनी ३० टक्के आणि पाच वर्षांनी ५० टक्के कमी धरतात. म्हणजे सर्वांत मोठी घट पहिला मालक सोसतो.

जुनी गाडी

तीन-चार वर्षे नीट चाललेल्या गाडीचे सुरुवातीचे दोष निघून गेलेले असतात, आणि झिजेचे मोठे खर्च अजून पुढे असतात. भरवशाच्या दृष्टीने हा काळ चांगला. आठ-दहा वर्षांनंतर मात्र क्लच, शॉकॲब्सॉर्बर, रेडिएटर, रबरी नळ्या एकामागून एक मान टाकतात. स्वस्त मिळाली म्हणून आणलेली अशी गाडी दारात कमी आणि गॅरेजमध्ये जास्त दिसते.

इंजिनाचा प्रकारही पाहावा. साधे पेट्रोल इंजिन आणि हाताचा गिअर यांत बिघडण्यासारखे कमी असते, आणि तालुक्याचा मिस्त्रीही ते दुरुस्त करतो. टर्बो आणि ऑटोमॅटिक गिअर यांत सुख आहे. पण वॉरंटी संपल्यावर त्यांचे काम महाग पडते. एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाडीत काजळी अडवणारी जाळी असते. ती साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून लांब पल्ल्यावर एका वेगाने पळवावी लागते. नुसते घर ते मळा आणि मळा ते कारखाना एवढेच चालवणाऱ्याने डिझेलच्या मोहात पडू नये.

बंद झालेले मॉडेल घ्यावे का, असेही विचारतात. सियाझचे उत्पादन २०२५ मध्ये थांबले. पण २०१८ नंतरच्या सियाझमधले १.५ लिटरचे पेट्रोल इंजिन त्या काळच्या एर्टिगामध्येही बसवलेले आहे. त्यामुळे इंजिनाच्या सुट्या भागांची फारशी काळजी नाही. दिवे, बंपर, काचा मात्र मिळतात का, ते आधी विचारावे.

आपले इथेनॉल आणि त्यांची गाडी

ही गोष्ट आपल्या घरचीच आहे. उसाच्या मळीपासून आणि रसापासून होणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले जाते, आणि २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. उसाच्या दराला त्याने आधार मिळतो. पण इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने उष्णता सुमारे एक तृतीयांश कमी असते, म्हणून ॲव्हरेज थोडे उतरते. शिवाय जुन्या गाडीतले काही रबरी भाग त्याला सोसतीलच असे नाही. एप्रिल २०२३ पासून तयार झालेल्या गाड्यांचे भाग या मिश्रणाला चालणारे आहेत. त्याआधीच्याही काही गाड्या चालतात. मालकाच्या पुस्तिकेत तसे लिहिले आहे का, ते पाहावे. जुनी घ्यायचीच तर शक्यतो एप्रिल २०२३ नंतरची घ्यावी, हा आमचा सल्ला.

बैल पाहतो तशी गाडी पाहा

बैलबाजारात आपण दात पाहतो, खांदा पाहतो, चालवून पाहतो. दलालाच्या गोड बोलण्यावर बैल कुणी घेत नाही. मग गाडीच रंगावर का घ्यावी? आमच्या ओळखीच्या एका सभासदाने बाजारभावापेक्षा लाखभराने स्वस्त म्हणून गाडी आणली. दोन महिन्यांत दिवे आपोआप लागू लागले, मग गाडी सुरूच होईना. ती २०१९ च्या महापुरात बुडालेली निघाली. सांगली-कोल्हापूर भागात २०१९ आणि २०२१ च्या पुरात बुडालेल्या गाड्या आपण डोळ्यांनी पाहिल्या आहेत. म्हणून पुढील गोष्टी तपासाव्यात.

१. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढावा. टोकाला मातीचा डाग असेल, पायाखालची मॅट उचलल्यावर कुबट वास येत असेल, सीटखालच्या पट्ट्या गंजल्या असतील, तर गाडी पाण्यातली समजावी.

२. टायरवरचे चार आकडे वाचावेत. २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. तीन वर्षांच्या गाडीला सहा वर्षांपूर्वीचे टायर असतील, तर कुठेतरी पाणी मुरते आहे.

३. मीटर मागे फिरवता येतो. सर्व्हिसच्या नोंदींतले किलोमीटर आणि पेडलच्या रबराची झीज यांच्याशी तो ताडून पाहावा.

४. सकाळी इंजिन थंड असताना सुरू करावे. निळा धूर म्हणजे इंजिन तेल खाते.

५. गाडी वर उचलून खालून पाहावी. सेडान बुटकी असते. पाणंदीच्या दगडावर चेंबर घासलेले असते.

सोबत आपला मिस्त्री न्यावा, विकणाऱ्याचा नव्हे.

कागदपत्रे

गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा दाखला घेऊन आर. सी. वरचा बोजा आधी उतरवावा. नमुना २९ आणि ३० भरून नाव लगेच बदलून घ्यावे. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करावा. विकणाऱ्या सभासदानेही लक्षात ठेवावे, की अपघात झाल्यास ज्याचे नाव नोंदीत आहे तोच भरपाईला जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले आहे. "नंतर करू नावावर" हे वाक्य दोघांनाही महागात पडते.

हिशोब

नवी गाडी १४ लाखांची धरू. तीन वर्षांची तशीच गाडी ३० टक्के घट धरून ९ लाख ८० हजारांना पडेल. फरक ४ लाख २० हजारांचा. एवढी रक्कम ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी कर्जाऊ काढली, तर व्याजच सुमारे १ लाख ३ हजार होते. आणि बँकेचा हप्ता दरमहा येतो, उसाचे बिल दरमहा येत नाही. जुन्या गाडीसाठी टायर, बॅटरी, क्लच यांना १ लाख बाजूला ठेवले, तरी ३ लाखांवर रक्कम शिल्लक राहते.

भाव करताना आजच्या नव्या गाडीची किंमत समोर ठेवावी, विकणाऱ्याचे जुने बिल नव्हे. १५०० सी. सी. पर्यंतच्या या गाड्यांवरचा कर उपकरासह ४५ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला आहे.

आमचे मत असे. ज्याचे वर्षाला वीस हजार किलोमीटर फिरणे आहे, दहा वर्षे गाडी ठेवायची आहे आणि हप्त्यासाठी दुधासारखे दरमहाचे उत्पन्न आहे, त्याने नवी घ्यावी. ज्याचे फिरणे थोडे आहे, त्याने एकाच मालकाची, पूर्ण नोंदी असलेली तीन वर्षांची गाडी रोखीने घ्यावी. आणि ज्याला नोंदी दाखवत नाहीत, त्याने कितीही स्वस्त मिळाली तरी हात जोडून परत यावे. गाडी चार दिवस उशिरा आली तर काही बिघडत नाही. पण गाडीपायी लागण अडली, तर वर्ष वाया जाते.